मामांच्या डबीतली मेमरी कार्डं: सगळ्यांना मिळून एकच अडॅप्टर चालेल का?

माडाची सावली | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. माझे मामा कुडाळजवळ राहतात. वय ७४. तरुणपणापासून दशावतारी नाटकांना पेटीची साथ करायचे. आता बोटं साथ देत नाहीत म्हणून सोडलं, पण गेली वीसेक वर्षं जे हातात येईल त्यावर त्यांनी जत्रांमधली नाटकं, पदं, फोटो साठवून ठेवलेत. परवा गेले तेव्हा त्यांनी किमामाची एक जुनी डबी हातात ठेवली आणि म्हणाले, "ह्या सगळा संगणकावर घाल गो, माझ्याकडे काय उघडत नाय."

डबीत निघालेला ऐवज:

एक जाडजूड चौकोनी कार्ड, त्याच्या एका कडेला भोकंच भोकं (कॉम्पॅक्टफ्लॅश असं लिहिलंय, २५६ एमबी). एक छोटं, जाडसर, 'एक्सडी' लिहिलेलं. एक लांबट, च्युइंगगमच्या अर्ध्या पट्टीएवढं मेमरी स्टिक प्रो ड्युओ. एक कापलेल्या एसडी कार्डासारखं, म्हणजे रुंदी तेवढीच पण उंची अर्धी. हे त्यांच्या नोकिया एन७० मधलं. आणि दोन मायक्रोएसडी: एक हातात धरायच्या रेकॉर्डरमधलं, एक त्यांच्या गेल्या अँड्रॉइड फोनमधलं. शिवाय तीन-चार प्लास्टिकचे अडॅप्टर, त्यातला कुठला कुणाचा ते मामांनाही आठवत नाही.

माझ्या लॅपटॉपला फक्त एक एसडीचा स्लॉट आहे. प्रश्न सरळ आहे: असं एखादं अडॅप्टर मिळतं का की ज्यात यातलं कुठलंही कार्ड घालून ते त्या स्लॉटमध्ये सरकवता येईल? दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे सगळं आता फेका." फेकणार तर नाहीच.

अर्धा चहा | शनिवार, सकाळी १०:४०

असं एक अडॅप्टर नाही मिळत. यूएसबीचा ऑल-इन-वन कार्ड रीडर घ्या, विषय संपला. फक्त घेताना एक्सडीची खाच आहे का ते बघून घ्या, नवीन रीडरमधून ती गायब झाली आहे.

तारजोड्या | शनिवार, दुपारी १२:०५

अर्धा चहा यांचं उत्तर बरोबर आहे, पण 'का' ते सांगतो. नाहीतर डबीतले ते तीन-चार अडॅप्टर तुम्ही कुठेही घालून बघाल.

अडॅप्टर दोन जातीचे. एक नुसती तार, दुसरा दुभाषी.

मायक्रोएसडी ते एसडी हा जो अडॅप्टर कार्डाबरोबर फुकट येतो, तो नुसती तार. फोडून बघा (मी फोडलेत), आत पत्र्याच्या पट्ट्या सोडून काही नाही. मायक्रोएसडीला ८ संपर्क, एसडीला ९. नववा केवळ जादा ग्राउंड असतो, तो आत जोडून टाकतात. दोन्ही कार्डं भाषा एकच बोलतात, फरक फक्त अंगरख्याचा: एसडी ३२ बाय २४ मिमी, मायक्रोएसडी १५ बाय ११. म्हणून या अडॅप्टरने वेग कमी होत नाही आणि वाढतही नाही. दुकानदार "हायस्पीड अडॅप्टर" म्हणून जादा पैसे मागतो तेव्हा हसून पुढे जावं.

तुमचं ते अर्धं कार्ड म्हणजे आरएस-एमएमसी. त्याचा अडॅप्टर तर तारसुद्धा नव्हे म्हटलं तरी चालेल, ती उंची वाढवायची शेपटी आहे. एमएमसी हे एसडीच्या आधीचं, १९९७ चं. ७ संपर्क, जाडी १.४ मिमी. एसडीच्या खाचेत ते बसतं, पण खाचेमागचा रीडर एमएमसीची भाषा जाणणारा हवा. जुने जाणतात. नव्या लॅपटॉपमधले जाणतीलच असं नाही.

कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ, १९९४) वेगळ्या घराण्यातलं. ५० पिना, आणि आतून ते जुन्या हार्डडिस्कची आयडीई भाषा बोलतं. म्हणून ते जुन्या लॅपटॉपच्या पीसीएमसीआयए खाचेत किंवा जुन्या आयडीई केबलला साध्या तारांच्या अडॅप्टरने जोडता येतं. जुन्या आयपॉड मिनीतली मरायला टेकलेली मायक्रोड्राइव्ह (चिमुकली हार्डडिस्क) काढून लोक सीएफ कार्ड घालतात ते याच जोरावर. पण सीएफ ते एसडी स्लॉट, हे तारेने होणार नाही.

एक्सडीचं दुखणं आणखी खोल. त्या कार्डात स्वतःचा कंट्रोलरच नाही, आत उघडी फ्लॅश चिप आहे. कुठला ब्लॉक खराब, कुठला चांगला, हा सगळा हिशेब रीडरने ठेवायचा. म्हणजे अडॅप्टरला आख्खा मेंदू लागणार. आणि मेमरी स्टिक हा सोनीचा वेगळा संसार, त्याचा एसडीशी संबंध नाही.

थोडक्यात तुमच्या लॅपटॉपच्या स्लॉटात थेट चालतील ती दोन मायक्रोएसडी. अर्धं कार्ड चाललं तर चाललं. बाकीच्यांना रीडर. किंवा घरात कुणाचा २००८ ते २०१२ च्या दरम्यानचा लॅपटॉप पडला असेल तर त्याच्या खाचेवर काय लिहिलंय वाचा. त्या काळात 'एसडी, एमएमसी, एमएस, एमएस प्रो, एक्सडी' अशा पंचमुखी खाचा सर्रास असत. फक्त मेमरी स्टिक 'ड्युओ' तशीच आत ढकलू नका, तिला लांब करणारा अडॅप्टर लावा. नाहीतर आत जाईल आणि चिमट्याने काढावी लागेल. कोणी ढकलली होती विचारू नका.

कीबोर्डकाका | शनिवार, दुपारी १:३०

तारजोड्या, दुभाषी अडॅप्टरचा राजा तुम्ही पाहिला नसेल. फ्लॅशपाथ! २००० साली आमच्या ऑफिसात एक डिजिटल कॅमेरा आला. त्यात स्मार्टमीडिया नावाचं कार्ड, बिस्किटासारखं पातळ, ८ एमबीचं. आमच्या संगणकाला यूएसबी होतं पण विंडोज एनटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तर कॅमेऱ्याबरोबर आली एक फ्लॉपी. दिसायला हुबेहूब साडेतीन इंची फ्लॉपी, पण कडेला खाच. कार्ड त्या खाचेत घालायचं आणि फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ढकलायची. आत चकती नव्हतीच! ड्राइव्हचं डोकं जिथे टेकतं तिथे एक चुंबकीय कॉइल, ती चकती फिरत असल्याचं नाटक करायची. त्यासाठी आत घड्याळात असतात तसे दोन बटण सेल.

वेग फ्लॉपीचाच. कार्ड भरलेलं असलं तर चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळायचा, तरी पट्टी अर्ध्यावर. आणि महिन्याअखेरीस फोटो दिसेनासे झाले की सगळे कॅमेऱ्याला शिव्या घालत. संपलेले असत सेल.

शेंगदाणा चटणी | शनिवार, दुपारी २:१०

धाग्यात थोडी घुसखोरी. भाच्यासाठी जुना पीएसपी (सोनीचं हातातलं गेमिंग यंत्र) घेतला, कार्ड नव्हतं. मूळ मेमरी स्टिकच्या किमती ऐकून गप्प बसलो. मायक्रोएसडी घालून चालणारे अडॅप्टर मिळतात, एक खाचेचे आणि दोन खाचांचे. दोन खाचांचा घेतला तर दुप्पट जागा ना? की त्यातही काही मेख आहे?

तारजोड्या | शनिवार, दुपारी २:४५

मेख आहे. हे दोन्ही दुभाषी अडॅप्टर आहेत, आत चिप असते. पण दोन खाचांचा अडॅप्टर दोन्ही कार्डांवर माहिती वाटून लिहितो, थोडी इकडे थोडी तिकडे. म्हणजे कार्डं काढून संगणकाला वेगवेगळी लावली तर दोन्हीकडे कचरा दिसेल. परत घालताना अदलाबदल झाली तरी तेच. घ्यायचाच असेल तर दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची घ्या, पेनने 'क' आणि 'ख' लिहा आणि नंतर हात लावू नका. मी एक खाचेचा घेतला. त्यातलं कार्ड काढून साध्या एसडी अडॅप्टरने लॅपटॉपला लावलं की सरळ उघडतं. फॉर्मॅट मात्र पीएसपीतूनच करा, म्हणजे त्याला हवे ते फोल्डर तोच तयार करतो.

शेंगदाणा चटणी | शनिवार, दुपारी २:५२

वाचलो. एक खाच. धन्यवाद.

लेन्सवेडी | शनिवार, रात्री ९:२०

माडाची सावली, सीएफबद्दल एक सावधगिरीची सूचना. त्याच्या पिना कार्डात नसतात, रीडरमध्ये असतात. पन्नास बारीक सुया. कार्ड तिरकं गेलं किंवा उलटं दाबलं तर सुई वाकते, आणि वाकलेली सुई सरळ करताना मोडते. कार्डाच्या दोन बाजूंच्या खोबणी वेगवेगळ्या रुंदीच्या असतात, उलटं गेलं तर अडतंच. अडलं की जोर नको. लग्नाच्या सीझनमध्ये आमच्या स्टुडिओतले दोन रीडर असेच गेले.

दुसरं, एसडी अडॅप्टरच्या डाव्या कडेची ती पांढरी किंवा पिवळी घसरपट्टी. लोकांना वाटतं कार्डाला कुलूप लागतं. कार्डाला काही कळत नाही! खाचेतला एक छोटा खटका ती पट्टी कुठे आहे ते चाचपतो आणि संगणकाला सांगतो. ऐकायचं की नाही ते संगणकाने ठरवायचं. जुन्या अडॅप्टरची ही पट्टी बऱ्याचदा पडून जाते. मग खटक्याला काही लागत नाही आणि "राइट प्रोटेक्टेड" असं येत राहतं. त्या जागी सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवा, पुन्हा लिहिता येतं. टेप संपर्काच्या पट्ट्यांवर येऊ देऊ नका, आणि एकच पदर. माझ्या एका शिकाऊ मुलाने चार पदर लावले, कार्ड खाचेतच राहिलं.

तुम्हाला मात्र मी उलटं सांगेन. मामांची कार्डं वाचताना पट्टी मुद्दाम 'लॉक' वर ठेवा. मायक्रोएसडीला स्वतःची पट्टी नसते, अडॅप्टरमुळे ती आयती मिळते. विंडोज कार्ड दिसताच त्यावर आपला एक फोल्डर टाकतं, मॅक तर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींचा सडा घालतं. जुन्या कार्डावर पहिल्या दिवशी कुणी काही लिहू नये.

माडाची सावली | रविवार, दुपारी ४:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. इथे पुण्यात तपकीर गल्लीत दोन तास फिरून एक जुना ऑल-इन-वन रीडर मिळाला, एक्सडीच्या खाचेसकट. दुकानदाराने धूळ फुंकून दिला. लावल्यावर संगणकात एकदम चार रिकामे ड्राइव्ह उगवले, आधी घाबरले, मग कळलं की प्रत्येक खाचेला एक अक्षर.

प्रगती अशी: सीएफ पहिल्या झटक्यात उघडलं. १८० फोटो, सगळे २००५ च्या जत्रेतले. संकासुराचा एक फोटो इतका सुंदर आहे! एक्सडी दोनदा काढून घातल्यावर उघडलं. मेमरी स्टिकही झाली.

अडलेली तीन:

रेकॉर्डरचं मायक्रोएसडी ८ जीबी. रीडरच्या एसडी खाचेत घातलं तर ड्राइव्ह रिकामाच. लॅपटॉपच्या खाचेत घातलं तर दिसतं, पण मामांच्या एका अडॅप्टरमध्ये घातलं की दिसतं, दुसऱ्यात घातलं की गायब.

अर्धं कार्ड: लॅपटॉपमध्ये काहीच नाही. रीडरमध्ये दिवा लागतो आणि विझतो.

अँड्रॉइड फोनचं मायक्रोएसडी ३२ जीबी: विंडोज म्हणतं, वापरायच्या आधी फॉर्मॅट करावं लागेल. करू का?

तारजोड्या | रविवार, दुपारी ४:४१

नको!! बाकी नंतर, आधी तो चौकोन बंद करा. 'फॉर्मॅट करा' याचा अर्थ 'कार्ड बिघडलं' असा नसतो, 'मला यातलं वाचता येत नाही' एवढाच असतो. हल्लीच्या हातातल्या गेमिंग यंत्रांची किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची कार्डं लावली तरी विंडोज हेच म्हणतं, कारण ती लिनक्सच्या पद्धतीने मांडलेली असतात. माझ्या भावाने 'हो' म्हणून त्याच्या आख्ख्या गेमिंग कार्डाची पाटी कोरी केली.

आता रेकॉर्डरचं कार्ड. तुमच्या नव्या जुन्या रीडरची मर्यादा आहे ती. सुरुवातीचं एसडी २ जीबीपर्यंत. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. त्यात पत्ता मोजायची रीतच बदलली: आधी बाइट मोजत, मग ५१२ बाइटचा गठ्ठा मोजू लागले. जुन्या रीडरला ती नवी मोजणी कळत नाही, म्हणून त्याच्या लेखी ८ जीबीचं कार्ड नाहीच. इथे कुठलाही अडॅप्टर कामाचा नाही. दुसरा अडॅप्टर गायब करतो तो मात्र खरोखर खराब आहे, आतली पट्टी सैल झाली असणार. तो टाकून द्या. हा एक अडॅप्टर फेकायला माझी परवानगी आहे.

अँड्रॉइडच्या कार्डाबद्दल: तो फोन कुठे आहे? चालू आहे का?

राईनकाठ | रविवार, संध्याकाळी ६:१५

इथे जर्मनीत दुपार आहे आणि मी एन७० हे नाव वाचून खुर्चीतून उठलो. अर्ध्या कार्डाला बहुतेक पासवर्ड आहे!

त्या काळच्या नोकियात मेमरी कार्डाला पासवर्ड लावायची सोय होती. कॉलेजात आम्ही सगळ्यांनी लावला होता, कारणं विचारू नका. हे कुलूप फोनचं नसे, कार्डाच्या आतल्या कंट्रोलरचं असे. त्यामुळे असं कार्ड रीडरमध्ये घातलं की रीडर त्याच्याशी बोलायला जातो, कार्ड तोंड फिरवतं, आणि दिवा विझतो. अगदी तुम्ही वर्णन केलंय तसं. फॉर्मॅटही होत नाही. पुण्यात तेव्हा 'कार्ड लॉक काढून मिळेल' अशा पाट्या होत्या.

पण ज्या फोनमध्ये पासवर्ड लावला त्या फोनला तो आठवत असे. फोन तो स्वतःच्या मेमरीत एका फाइलमध्ये ठेवायचा, नाव एमएमसीस्टोअर. त्यामुळे त्या फोनमध्ये कार्ड न विचारता उघडायचं. हुशार पोरं फाइल बघायचं ॲप टाकून ती फाइल उघडत आणि विसरलेला पासवर्ड वाचत. तर मामांचा मूळ एन७० मिळाला पाहिजे. दुसरा कुठलाही नोकिया पासवर्ड विचारेल. आणि हो, एन७० ला दोन व्होल्टेजवर चालणारं आरएस-एमएमसी लागायचं, कार्डावर डीव्ही असं लिहिलेलं असेल.

शेंगदाणा चटणी | रविवार, संध्याकाळी ६:३०

कारणं विचारू नका म्हणे :)

झांजवाला | रविवार, संध्याकाळी ७:०५

मी कणकवलीचो. आमच्या गावच्या जत्रेतलो दशावतार आसा काय त्येच्यात? आसलो तर माका होयो.

अर्धा चहा | रविवार, रात्री ८:५०

'कार्ड लॉक काढून मिळेल' वरून आठवलं, 'गाणी भरून मिळतील' ची पाटी कुणाकुणाला आठवते? आमच्या बार्शीच्या स्टँडसमोर एका टपरीत एक जुना संगणक, एक रीडर आणि शंभर मायक्रोएसडी अडॅप्टर सुतळीला ओवलेले. वीस रुपयांत १ जीबी भरून. पोरगा विचारायचा, "भक्ती, कव्वाली, का मिक्स?" मिक्स म्हटलं की सकाळी काकड आरतीनंतर फोनवर काय लागेल त्याचा नेम नसायचा. आणि गाण्यांबरोबर व्हायरस फुकट. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन जायचे, लोक म्हणायचे "डेटा उडाला". उडालेला नसायचाच, लपवलेला असायचा. लपलेल्या फाइली दाखवा असा पर्याय चालू केला की सगळं जागच्या जागी.

लेन्सवेडी | रविवार, रात्री ९:१०

त्या सुतळीतलाच एक अडॅप्टर मामांच्या डबीत गेला असणार.

माडाची सावली | बुधवार, रात्री १०:४०

मामेभावाने माळ्यावरून एन७० शोधून काढला! बॅटरी केव्हाच मेलेली. पण तिचा नंबर बीएल-५सी, आणि बाजारात मिळणाऱ्या भजनाच्या छोट्या स्पीकरात तीच बॅटरी असते हे कुणाला माहीत होतं? भावाने देवघरातल्या स्पीकरची काढून फोनला लावली. (मामी तीन दिवस बोलत नव्हती.) फोन सुरू झाला, तारीख भलतीच, पण कार्ड न विचारता उघडलं!! मग मेमरीच्या मेनूत जाऊन पासवर्ड काढून टाकला, कार्ड कुरियरने पुण्याला आलं, आणि आज त्याच जुन्या रीडरमध्ये शहाण्या मुलासारखं उघडलं. राईनकाठ, तुम्हाला मामांकडून एक फणस लागू आहे.

आत छोटे छोटे व्हिडिओ आहेत, हल्लीच्या मानाने टपाल तिकिटाएवढे, पण एकात मामा स्वतः पेटीवर आहेत. पासवर्ड काय होता ते भावाने ती फाइल उघडून पाहिलं: त्यांच्या जुन्या लुनाचा नंबर.

रेकॉर्डरचं कार्ड चांगल्या अडॅप्टरमधून, पट्टी लॉक करून, पूर्ण उतरवून घेतलं. एक शंका: एकाच रात्रीच्या नाटकाच्या तीन-तीन फाइली आहेत, आणि पद मध्येच तुटतं. मामा म्हणतात त्यांनी रेकॉर्डर बंद केला नव्हता.

आणि तारजोड्या, तुम्ही विचारलं होतंत त्या अँड्रॉइड फोनबद्दल. तो दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडला. कार्ड त्या आधीच काढलेलं होतं, ते कोरडं आहे.

तारजोड्या | बुधवार, रात्री ११:२५

पदाचं आधी सांगतो. मामा खरं बोलतात. बरेच रेकॉर्डर फाइल २ जीबीची झाली की न थांबता पुढची सुरू करतात. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ वेव्ह रेकॉर्डिंग सेकंदाला १,७६,४०० बाइट खातं, म्हणजे २ जीबीला साधारण ३ तास २० मिनिटं. रात्रभराच्या नाटकाला तीन फाइली बरोबर बसतात. आवाज कापायच्या-जोडायच्या ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये एकापुढे एक चिकटवा, सांधा ऐकू येणार नाही.

आता अँड्रॉइड. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून एक सोय आली: कार्ड घातलं की फोन विचारतो, हे बाहेरचं स्टोरेज म्हणून वापरू की फोनचाच भाग करून टाकू? जागा कमी असलेल्या फोनवर लोक दुसरं दाबतात. मग फोन ते कार्ड लिनक्सच्या पद्धतीने मांडतो, आणि सगळं कूटबद्ध करतो. त्याची किल्ली फोनच्या आत राहते. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात ते कार्ड म्हणजे निव्वळ आवाजाचा गोंगाट.

खात्री करायला एक करा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, कार्ड लावा, काही लिहू नका, फक्त विभाग बघा. एक छोटा १६ एमबीचा विभाग आणि बाकीचा एकच मोठा, ज्याला काही नाव लावता येत नाही, असं दिसलं तर तेच. साधं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची मांडणी) दिसलं तर तुमचं नशीब, सगळं उघडेल.

माडाची सावली | गुरुवार, सकाळी ७:५०

१६ एमबी आणि एक मोठा.

तारजोड्या | गुरुवार, सकाळी ८:१५

मग ती किल्ली विहिरीत आहे. फोन अजून घरात असेल तर बोर्ड दुरुस्त करणाऱ्या चांगल्या माणसाला दाखवा, फोन एकदा जरी सुरू झाला तरी पुरे. स्क्रीन नसली तरी चालेल. पण बोर्ड बदलून उपयोग नाही, तोच बोर्ड जिवंत व्हायला हवा. आणि "कार्डातून डेटा काढून देतो" म्हणून कुणी ॲडव्हान्स मागितला तर देऊ नका. फोटो शोधणारी फुकट सॉफ्टवेअर पुसलेल्या कार्डावर छान चालतात, कूटबद्ध कार्डावर नाही.

कीबोर्डकाका | गुरुवार, सकाळी ९:३०

काय गंमत आहे बघा. वीस वर्षांपूर्वीचं कुलूप देवघरातल्या बॅटरीने उघडलं आणि परवाचं उघडत नाही. मामा त्यावर काय म्हणाले?

माडाची सावली | गुरुवार, दुपारी १:१५

म्हणाले, "त्या फोनात जास्त करून व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग होते." खरं-खोटं देव जाणे. फोन वाळूत गाडून ठेवलाय म्हणे, कुणीतरी सांगितलं होतं तांदूळ महाग पडतात. कणकवलीला एक जण बोर्डाचं काम करतो, त्याच्याकडे देणार आहोत.

आता शेवटचा प्रश्न. मामांना हे सगळं ऐकायचंय, आणि ते ऐकणार भजनाच्या स्पीकरवर (नवी बॅटरी आणून दिली). त्याला मायक्रोएसडीची खाच आहे. मी ६४ जीबीचं नवं कार्ड घेतलं, स्पीकर "नो कार्ड" म्हणतो. लॅपटॉपवर, फोनवर व्यवस्थित दिसतं. परत अडॅप्टर?

लेन्सवेडी | गुरुवार, दुपारी २:००

नाही, इथे कार्डच थेट जातंय, अडॅप्टर बिचारा निर्दोष. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने मांडलेली येतात, आणि असल्या स्पीकरांना फॅट३२ च कळतं. विंडोजच्या फॉर्मॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय वर्षानुवर्षं दिला जात नव्हता, म्हणून रूफससारखं फॉर्मॅट करणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. सोपा उपाय: ३२ जीबीचं कार्ड घ्या. आणि वेव्ह फाइली तशाच टाकू नका, एमपी३ करून टाका, त्या स्पीकरांना वेव्ह झेपेलच असं नाही. मॅकवरून कॉपी करणार असाल तर टिंबवाल्या फाइली पुसा, नाहीतर प्रत्येक पदाच्या आधी स्पीकर दोन सेकंद मुका होईल.

६४ जीबीचं कुठून घेतलं? फार स्वस्त होतं का?

माडाची सावली | गुरुवार, दुपारी २:०६

ऑनलाइन. का हो? घाबरवू नका.

लेन्सवेडी | गुरुवार, दुपारी २:२०

घाबरू नका, तपासा. खोट्या कार्डात चिप ८ जीबीची असते आणि कंट्रोलर ६४ सांगतो. सुरुवातीला सगळं छान. ८ च्या पुढे लिहायला लागलं की नवं जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं, आणि फाइलींची नावं मात्र दिसत राहतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३: कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. मी प्रत्येक नव्या कार्डाला लावते, दुकानातून बिलासकट घेतलेल्यालाही.

माडाची सावली | शुक्रवार, सकाळी ९:००

६४ निघालं, खरं निघालं! ते फोनला दिलं आणि मामांसाठी ३२ चं आणलं. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक मामेभावाकडे. झांजवाला, कणकवलीच्या दोन जत्रा आहेत त्यात, गाव कुठलं ते व्यक्तिगत निरोपातून कळवा.

माडाची सावली | पुढच्या सोमवारी, रात्री ९:४५

कार्ड काल पोचलं. मामांनी २०११ चं आख्खं नाटक एका बैठकीत ऐकलं. मग फोन करून म्हणाले, "रेकॉर्डर मृदंगाच्या बाजूक ठेवल्लो, पेटी ऐकाकच येणा नाय. तुझ्या त्या लोकांका विचार, पेटी वाढवून मिळात काय."

अर्धा चहा | सोमवार, रात्री ९:५२

पेटी वाढवून मिळेल. वीस रुपये.